गेणबाची नजर

चार वाजले की शंभूची कुरकुर सुरू व्हायची. सात महिन्यांचं पोर, खालचा दात हिरडीत टोचत होता. पाळणा नको, छाती नको, आजीची मांडीही नको. मग सुषमा त्याला काखेत मारून कालव्याच्या फाट्याच्या कडेनं गावातल्या बागायतदार दादांच्या रानाकडं चालू लागायची. लांबून मेंढरांचा आवाज कानी आला की पोर गप व्हायचं. तोंडात घातलेली मूठ तशीच ओली ठेवून ऐकत राहायचं.

दोन हजार तीनचा तो उन्हाळा. शिरूरच्या वरच्या अंगाला प्यायलासुद्धा पाणी नव्हतं. तिकडचे धनगर मेंढरं हाकत खाली दौंडच्या कालव्याकडं आले होते. खुटबावात दादांचा ऊस निघालेला, रान मोकळं. त्या रानात म्हाळसाबाई धनगरणीचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, उतरला. तीनशे मेंढरं. खत होईल म्हणून दादांनीच ती बसवून घेतली होती. सुषमाचा सासरा गेणबा, त्याची मेंढरं आता अठराच उरली होती. बापजाद्यांचा कळप मोडून तीस वर्षांपूर्वी तो इथं अडीच एकरावर स्थिर झाला. पण अठरा मेंढरं काही त्यानं सोडली नव्हती. दिवसा ती म्हाळसाच्या कळपात मिसळून चरायची आणि सांजेला गेणबा ती निवडून घरी आणायचा.

तेच बघायला सुषमा यायची. पोराचं निमित्त.

तीनशे अठरा मेंढरं. सगळी काळी, सगळी धुळीनं माखलेली. कुणाच्या अंगाला रंग नाही. म्हाळसाच्या थोड्याच मेंढरांचे कान खुणेसाठी कापलेले, गेणबाच्या एकाही मेंढराला तीही खूण नाही. कान कापायचे ते नजर नसलेल्यांनी, असं त्याचं म्हणणं. खांद्यावरचं घोंगडं सारखं करून तो कळपात शिरायचा. हाक नाही, काठी नाही. पाण्यात उतरल्यासारखा हळूहळू आत जायचा. दोन बोटं एका पाठीवर टेकवायचा, ती मेंढी मान वर करून बाहेर चालू लागायची. मग दुसरी. मग तिसरी. शंभूनं तोंडातली मूठ काढायच्या आत अठरा मेंढरं बांधावर उभी.

"आप्पा, येखांदी माझी न्याल हां," म्हाळसा रात्री मेंढरं कोंडायच्या वाघरीची सुताची जाळी खुंट्यांना अडकवता अडकवता म्हणायची.

"तुझी नेली तर तुझ्या पालावर यून कान धरीन."

"आन् म्या तुमची ठिवून घेतली तर?"

"ठिव की. ती मला वराडून बोलवंल."

सुषमानं एकदा विचारलं होतं, "मामा, कसं वळखता वो?"

"तू शंभूला कसं वळखतीस?"

"माझं ल्योक हाय."

"मग?" म्हातारा म्हणाला आणि पुढं चालू लागला. त्याहून जास्त त्यानं कधी सांगितलं नाही.

गावात गेणबाला दुसरा मान नव्हता. सोसायटीत तो कुणी नव्हता, पंचायतीत मागच्या रांगेत बसायचा. पण कुठंही दोन कळप एकमेकांत घुसले, भांडणं लागली, की माणसं सायकलवर त्याला न्यायला यायची. तो जाऊन निवडून द्यायचा आणि त्याच्यावर कुणी बोलायचं नाही.

दादांचं गुऱ्हाळ त्याच रानाच्या टोकाला. त्या हंगामात तिथं बंगाली माणसं आली होती. मुकादमानं दौंड टेसनावरून आणून सोडली. नवरा चुलवाणात चिपाडं ढकलायचा, बायको शेफाली उसाच्या मोळ्या वाहायची, आणि त्यांची तीन-चार वर्षांची पोर टुनी चिपाडांच्या ढिगाच्या सावलीत बसून राहायची. बंगालातल्या मालद्याची हायत, असं मुकादम सांगून गेला. मालदा कुठं हे कुणाला ठाऊक नव्हतं.

एका रविवारी सुषमा काकवी आणायला गेली होती. गेणबाही आला होता. दादा खाटेवर, पोलीसपाटील सोपानराव त्यांच्याशेजारी, दोघांच्या हातात पानावरचा ऊन ऊन गूळ. काहिलीतला रस उकळत होता, वाफेत सगळ्यांची तोंडं ओली झालेली. तेवढ्यात शेफाली डोक्यावर मोळी घेऊन समोरून गेली.

"आप्पा, तुम्ही म्हणं पावलावरनं मेंढराचा मुलूख सांगता," सोपानराव गमतीनं म्हणाले. "हिचा सांगा की."

गेणबानं डोळे बारीक केले. आवडीचं काम मिळाल्यासारखा तो पुढं वाकला.

"ही पाण्याच्या मुलखातली. बघा, टाच टेकायच्या आदी पंजा रुततो. बोटं पांगल्यात, भुईला धरून चालती. घसरत्या काठावर वाढल्याली हाय. आन् मान बघा. मागं वळून बघत न्हाई ती, कानानं बघती. लई चालल्याली हाय, लपतछपत चालल्याली. मोठं पाणी वलांडून आलीया." एखाद्या चांगल्या मेंढीचं करावं तसं तो कौतुक करत होता. "अशी चाल म्या उभ्या जल्मात बघितली न्हाई!"

"मोठं पाणी म्हंजी कंचं?" सोपानरावांनी गूळ चघळायचा थांबवला.

"ते मला काय म्हायीत? म्या पाय वाचतो, नकाशा न्हाई."

दादा हसले. सोपानराव हसले नाहीत.

चार दिवसांत गावभर झालं. गेणबानं वळखलं. दादाच्या गुऱ्हाळावर बांगलादेशी हायत.

साळूबाई सुषमाच्या दारात येऊन बसली. नऊ हंगाम तिनं त्याच गुऱ्हाळावर मोळ्या वाहिल्या होत्या. डोक्याच्या मधोमध तिचे केस गेले होते, तिथं कातडी चुंबळीसारखी गोल आणि टणक झाली होती.

"म्या कुणाचं वाईट चिंतीत न्हाई, सुषमा," ती म्हणाली. "पर माझ्या हातचं काम गेलं का न्हाई? दादा म्हणतो, ती दोगं हितंच ऱ्हात्यात, हाक मारली की उटत्यात. तू दिस मावळला की घराकडं पळतीस. आगं, मला घर हाय म्हून पळती!"

सुषमानं कपबशी पुढं केली. साळूबाईनं चहा बशीत ओतला आणि न पिता नुसतीच फुंकत बसली.

त्याच आठवड्यात सुषमाचा नवरा संपत रजेवर आला. आठ वर्षं तो सीमा सुरक्षा दलात, बंगालच्या बॉर्डरवर होता. हावड्याच्या गाडीतून दोन दिवसांनी दौंडला उतरला, तिथून पॅसेंजरनं खुटबाव, आणि ट्रंक खांद्यावर घेऊन दारात. शंभूला त्यानं अजून बघितलंच नव्हतं. हात धुऊन, पुसून, त्यानं दोन्ही तळवे पुढं केले. पोरानं एकदा त्या मिशांकडं बघितलं आणि असा हंबरडा फोडला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

"आरं, बाप हाय तुझा!" शंभूची आजी गिताबाई हसून हसून खाली बसली. "आज्याची नजर न्हाई आली रं ह्याला."

संपतही हसला, पण हात तसेच पुढं राहिले. तिसऱ्या दिवशी पोर त्या हातांत झोपलं. सुषमा चुलीपाशी भाकरी थापत होती, आणि तो बाहेर खाटेवर पोराचं नख न् नख तपासत बसला होता. एवढा मोठा गडी, आणि श्वाससुद्धा दाबून घेत होता.

सोपानराव आले ते त्याच वेळी. खाटेच्या कडेला बसले.

"संपतराव, गावाचं काम हाय. ठाण्यावरनं हवालदार येणार बेस्तरवारी. कागद काय, सगळ्यांकडंच असत्यात. त्यो म्हणतो, नक्की कोण सांगत असंल तर बोला. आता तुमच्यापरास नक्की कोण सांगणार? तुम्ही तिकडली माणसं रोज बघता. फकस्त तोंडाकडं बघायचं आन् व्हय म्हणायचं."

"बघून सांगतो," संपत म्हणाला.

"बघायचं काय त्यात? आप्पानं तर पाय बघून सांगितलं. आता ल्योक तोंड बघून सांगंल."

सोपानराव गेले. कोपऱ्यात गेणबा लोकर कातत होता. हातातली टकळी फिरायची थांबली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुषमा आणि संपत म्हशीसाठी तारेच्या कडेचा घास कापत होते. ती काटेरी तार दादांनी दहा वर्षांपूर्वी गेणबाच्याच मेंढरांपायी ओढली होती. पलीकडं डाळिंबाची बाग, बागेपलीकडं गुऱ्हाळ. फाट्यावरून पाणी न्यायचं तर तारेला वळसा घालून बरंच चालावं लागायचं.

शेफाली भरलेली कळशी आणि टुनीला घेऊन फाट्यावरून आली. ही दोघं घासात वाकलेली, तिला दिसली नाहीत.

तिनं इकडंतिकडं बघितलं नाही. कळशी टेकवली आणि खालच्या तारेखालून पलीकडं सरकवली. थेंब सांडला नाही. पोरीला काही सांगितलंही नाही. टुनी आपणहून जमिनीवर उताणी झाली, हात अंगाला चिकटवले, डोळे गच्च मिटले. शेफालीनं तिचे पाय जुळवले आणि फळी ढकलावी तशी तिला पलीकडं सारली. पोर पलीकडं गेलं तरी उठलं नाही, हललंही नाही. मग शेफालीनं पदराची घडी केली, वरची तार तिच्यात धरून उचलली, खालच्या तारेवर दोन काट्यांच्या बरोबर मधे तळपाय ठेवून ती दाबली. पाय, कंबर, शेवटी डोकं. पलीकडं उभं राहून तिनं पोरीच्या कपाळाला बोट लावलं. तेव्हा पोरीनं डोळे उघडले.

सगळं दोन-चार श्वासांत झालं. कळशी कमरेवर घेऊन ती डाळिंबांतून चालू लागली.

सुषमाच्या अंगावर काटा आला. चोरून काही बघितल्यासारखं नव्हे. देवळात आरती संपल्यावर घटकाभर कुणी बोलत नाही, तसं काहीतरी झालं होतं. एवढंसं पोर, आणि कसं मेल्यासारखं निजलं. शंभूला अंगडं घालायचं तर घर डोक्यावर घेतो.

संपतच्या हातातला विळा घासात तसाच अडकला होता.

"तार वाजली न्हाई," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"तू जाऊन दाखव."

"मला काय याड लागलंय?"

"जा तर."

सुषमानं हसत तार उचलली. तार टणकन वाजली, लांबवर खांबाखांबांतून थरथरत गेली. पदर काट्यात अडकला, वेणी अडकली, दंडाला ओरखडा आला. संपतनं येऊन एकेक काटा सोडवला.

"हितली बाई अशी जाती," तो तिच्या दंडावरचं रक्त अंगठ्यानं पुसत म्हणाला. "तुझ्यासारखी. आप्पा बरूबर बोलला."

"आता सांगणार हाईसा?"

"इचारल्यावर खोटं सांगू? त्याच कामाचा पगार खातो म्या."

घरी आल्यावर शंभूला तेल लावताना पुन्हा तोच विषय निघाला. गिताबाईनं पाय पसरून पोराला मांडीच्या खळग्यात घेतलं होतं. पोटऱ्या चोळत ती म्हणाली, "पोट भराया आल्यात, संपत. आपुन न्हाई का गेलो? तुझा आजा कोकणात गेला, तवा लोकांनी दगडं मारली. तुझ्या आप्पाच्या पाठीवर अजून वण हाय."

"आई, आसं म्हणलं तर तार कशाला? आम्ही कशाला?" संपतचा आवाज चढला. "परसाल धुक्यात माझ्या शेजारचा गडी कोयत्यानं मारला. तारेपाशीच. बावीस वर्साचा, साताऱ्याकडला. त्याच्या आईला कुणी जाऊन सांगितलं का, पोट भराया आल्ते म्हून?"

गिताबाईचा हात थांबला. "तिनं मारला का?"

"तसं नसतं गं."

"मग कसं असतं?"

संपत पोराच्या पोटावरच्या तेलाकडं बघत बोलला.

"औंदा थंडीत आम्ही पकडल्याली माणसं पलीकडं लावली. दोन-तीनशे. पलीकडच्यांनी घेतली न्हाईत. बंदुका इकडनंबी, तिकडनंबी, मधी मोहरीचं रान. फुलावर आल्यालं. त्या रानात बसली ती. म्या दुर्बिणीतनं बघायचो. एक म्हातारी कवळी पानं खुडून पोरांच्या तोंडात घालत हुती. तीन दिस. चौथ्या दिशी धुकं वर गेलं तवा रान मोकळं. नुसती बसल्याली जागा, फुलं मोडल्याली."

"गेली कुठं?" सुषमानं विचारलं.

"म्हायीत न्हाई."

"तुम्ही इचारलं न्हाई?"

"कुणाला इचारायचं? इचारायचं काम माझ्याकडंच हुतं."

शंभूनं तेलकट पाय हवेत झाडले आणि स्वतःशीच खिदळला. कोपऱ्यातून गेणबाचा आवाज आला, "म्या उगंच बोललो."

"तुमच्या जिभंला हाडच न्हाई," गिताबाई म्हणाली. "एवढी हौस नजर दाखवायची."

म्हाताऱ्यानं मान हलवली. लोकरीचा धागा तुटला होता. तो थुंकी लावून जोडत राहिला, जोडला तरी हात फिरतच राहिले.

गुरुवारी हवालदार मोटारसायकलवर आले. चार वाजले होते. गुऱ्हाळावर निम्मं गाव जमलेलं. सुषमा शंभूला घेऊन बांधावर उभी राहिली. तिच्याशेजारी म्हाळसा, समोर तिचा कळप. काहील पिकत आलेली, चुलवाण सोडून शेफालीच्या नवऱ्याला हलता येईना. तो चिपाडं ढकलत होता आणि मान वाकवूनच उत्तरं देत होता. शेफाली टुनीला पुढ्यात धरून उभी होती. तिचे दोन्ही तळवे पोरीच्या छातीवर होते.

हवालदारांनी कागद उलटापालटा केला. "रेशनकार्ड हाय मालद्याचं. असंल, नसंल. हे बघा पाटील, नक्की असलं तर मी साहेबांना लिहून देतो. मग मलाच दोन दिवस गाडीत बसून ह्यांना तिकडं पोचवावं लागतं. माझी कंबर मोडलीय आधीच. तवा उगं संशयावर मला लावू नका. कोण सांगतंय नक्की?"

"हा संपत," सोपानराव म्हणाले. "बॉर्डरवरचा."

सगळ्यांनी संपतकडं बघितलं. संपतनं शेफालीकडं बघितलं. मग टुनीकडं. एवढ्या माणसांत, एवढ्या आवाजात ती पोर डोळे गच्च मिटून उभी होती, हात अंगाला चिकटवून. सुषमाला ते दिसलं. संपतलाही दिसलं असणार.

"न्हाई सांगता येत," तो म्हणाला.

"म्हंजी?"

"तोंडावरनं कळत न्हाई. तिकडलीबी तशीच, इकडलीबी तशीच."

"आठ वर्सं काय गवत उपटलं का मग तिथं?" सोपानराव म्हणाले. माणसं हसली. संपतच्या मानेवरची शीर ताठ झाली, पण तो तसाच उभा राहिला, हात मागं बांधून, परेडला उभा असल्यासारखा.

"काम गेलं माझं, त्येचं कोण बगणार?" मागून साळूबाई ओरडली.

"आप्पा," सोपानराव गेणबाकडं वळले, "तुम्ही सांगा. तुम्हीच वळखलं की आदी."

गेणबा पुढं आला. "म्या थट्टा केली, पाटील. नजर कुठं ऱ्हायली आता? डोळ्यात पडदा आलाय."

"काल सांजंला अठरा मेंढरं निवडली की तुम्ही! म्या हितं बांधावरच हुतो."

हवालदारांनी मान वर केली. "मेंढरं निवडली? खूण न करता?"

"सायेब, तीनशातनं. एक चुकत न्हाई," सोपानराव म्हणाले. "उभ्या तालुक्यात अशी नजर न्हाई. त्यांनी सांगितलं म्हंजी काळ्या दगडावरची रेघ."

"दाखवा बरं, आजोबा," हवालदार कळपाकडं हात करून म्हणाले. "बघू तरी. बरूबर निघाली तर तुमचं बाईबद्दलचं बोलणंबी बरूबर म्हणतो."

गेणबानं खांद्यावरचं घोंगडं सारखं केलं. रोजच्यासारखाच. आणि कळपात शिरला.

सुषमानं त्याला रोज संध्याकाळी असं बघितलं होतं, पण आज तिला त्याची पाठ तेवढी दिसत होती. मेंढरं दुभंगत होती, मिटत होती. मधोमध त्याची म्हातारी मेंढी काजळी उभी होती. गेल्या आखाडात जुळं व्याली तेव्हा गेणबानं दोन्ही कोकरं रात्रभर आपल्या घोंगड्यात ठेवली होती. काजळीनं त्याला बघितलं. मान ताणून, वाट काढून ती त्याच्याकडं आली आणि धोतराला नाक घासायला लागली. दोन बोटांची वाट बघत.

गेणबानं गुडघ्यानं तिला बाजूला सारलं.

ती परत आली. ओरडली. त्यानं परत सारलं, आणि शेजारच्या मेंढीच्या कानाला हात घालून तिला ओढत बाहेर आणलं.

"ही माझी."

म्हाळसानं तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं एकदा मेंढीकडं बघितलं, एकदा म्हाताऱ्याकडं.

"आप्पा, ही माझी हाय वो," ती हळू म्हणाली. "कान कापल्याला हाय बगा तिचा."

माणसं एकदम हसली. गेणबानं मेंढीच्या कानावरून बोट फिरवलं, पहिल्यांदाच लागल्यासारखं. "व्हय का? थांब." परत आत गेला. दुसरी आणली. तीही कानकापी. तिसरी आणताना त्याचा पाय वाघरीच्या जाळीत अडकला, तो पडता पडता वाचला, आणि आता हवालदारही पोट धरून हसत होते. काजळी मात्र त्याच्यामागं चालत होती, ओरडत होती, आणि तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सुषमाचं होतं. म्हाळसाचं होतं. शेफालीचंही होतं, ती त्या मेंढीकडं बघत होती.

"ह्याच्या सांगण्यावर मी बंगालला जाऊ?" हवालदार डोळे पुसत म्हणाले. दादांनी दिलेली गुळाची ढेप त्यांनी डिकीत टाकली आणि मोटारसायकलला लाथ मारली.

सोपानराव कुणाला तरी म्हणाले, "म्हाताऱ्याची नजर गेली रं. वाईट झालं." त्यांच्या आवाजात आता टोमणा नव्हता, खरीच कीव होती. त्यापेक्षा टोमणा बरा होता. सुषमाला वाटलं ओरडून सांगावं, आवं, तुम्ही काय बघितलं ते तुम्हाला कळलं तरी का? पण तिनं शंभूचं डोकं छातीशी घट्ट धरलं. पोराच्या टाळूवर ठोका उडत होता. आयुष्यात कमावलेलं एवढं एकच, आणि माणसानं ते सगळ्यांदेखत हातानं खाली ठेवावं, कसलाही आवाज न करता!

गर्दी पांगली. चुलवाणातून धूर सरळ वर जात होता, शेफाली मोळीखाली वाकली होती.

मेंढरं निवडायची राहिली होती. गेणबा फाट्याकडं तोंड करून दगडावर बसला. बांधावरून माणसं अजून जात-येत होती.

"तुम्ही दोगं काढा," तो म्हणाला. "मला दिसत न्हाई."

संपतनं पाच ओळखली. सुषमा शंभूला काखेत घेऊन आत शिरली. आतून कळप वेगळाच होता. ऊबदार, गच्च, सगळीकडून श्वास. ती एकेकीच्या तोंडाकडं बघत गेली आणि थोड्या वेळानं तिला ती तोंडं वेगवेगळी दिसायला लागली. एकीचं नाक बसकं, एकीच्या पापण्या पांढऱ्या. चुकली की म्हाळसा लांबून नुसती मान हलवायची. सगळी अठरा बाहेर यायला दिवस बुडायला आला. गेणबानं एकदाही मागं वळून बघितलं नाही. पण प्रत्येक मेंढी बांधावर आली की त्याच्या मांडीवरचं एक बोट मिटत होतं.

निघताना तो उठला आणि सुषमाच्या खांद्यावर हात ठेवला. संपत मेंढरं घेऊन पुढं गेला होता. फाट्याच्या कडेनं, बाभळीखालून, शाळेच्या भिंतीजवळून ती दोघं चालली. त्याची पावलं चाचपडत पडत होती. समोरून सायकलवर कुणी आलं की खांद्यावरची पकड घट्ट व्हायची. सुषमाला वाटलं, घर आलं की हात काढतील. तीस वर्षं वावरलेलं अंगण, स्वतःच्या हातानं सारवलेली ओटी.

ओटीवर साळूबाई बसली होती. गिताबाईशी बोलता बोलता ती थांबली आणि बघायला लागली.

गेणबानं हात काढला नाही. दारापाशी तो थांबला. एक पाय उचलून अधांतरी धरला.

"उंबरा कुठं हाय गं?" त्यानं विचारलं.

सुषमानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. डोळे स्वच्छ होते, उतरत्या उन्हात पाण्यासारखे.

"हितंच, मामा," ती म्हणाली. "वाईच वर उचला पाय."